रंग नंतर बघणाऱ्या मॅडम

"रंग नंतर," असं म्हणून मॅडम आधी पुढच्या चाकाशी उकिडव्या बसायच्या. गाडी कोणाची, किती वर्षांची, काही विचारायच्या नाहीत. चाकाच्या फटीतून बोट आत घालायच्या आणि ब्रेकच्या डिस्कवरून आतून बाहेर नख ओढायच्या. डिस्क म्हणजे चाकामागची ती चकचकीत लोखंडी तबकडी. ब्रेक मारला की तिलाच चिमटा बसतो. ती झिजत गेली की बाहेरच्या काठाला कड उभी राहते. नख त्या कडेला अडकलं की मॅडमच्या भुवया वर जायच्या आणि विकणाऱ्याचा चेहरा उतरायचा.

ज्याला विचारल्याशिवाय कोणी गीझरसुद्धा घेत नाही, असं एक माणूस तुमच्याही सोसायटीत असेल. आमच्या चिखलोलीच्या इमारतीत मॅडम होत्या. अपघातात सापडलेल्या गाड्यांची विम्यासाठी पाहणी करण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज. रविवारी जुनी गाडी घ्यायला निघालेलं कोणी ना कोणी त्यांच्या दारात उभं असायचंच. डिस्कवर तांबूस गंज बघून घाबरणाऱ्याला त्या दटावायच्या, "गाडी पाण्यात भिजून उभी होती, एवढंच. थोडी चालवलीस की जाईल. चरे बघ, चरे. आणि निळसर झाक दिसली तर समज, तापून तापून निघालीय."

मला त्यांचा हेवा वाटायचा. गाड्यांमुळे नाही, माझ्या वडिलांमुळे, आबांमुळे.

आबांनी अंबरनाथच्या कारखान्यात मशीनसमोर उभं राहून कमावलं आणि मला शिकवलं. आमच्या पालेगावच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. माझं बी.कॉम.चं प्रमाणपत्र त्यांनी काचेत घालून दारासमोरच्या भिंतीवर लावलं. पाहुण्याला पाणी देण्याआधी ते दाखवायचे. हे ऋण मी विसरणार नाही. पण काही ठरवायची वेळ आली की आबा म्हणायचे, "थांब, म्याडमला इचारू." पंखा कुठला घ्यायचा, डोळ्याचं ऑपरेशन कुठे करायचं, सगळं म्याडम. गावाहून जांभळं आली की टपोरी निवडून त्यांच्याकडे जायची, फुटलेली आमच्या ताटात. एकदा मी तोंड वाकडं केलं तर आई म्हणाली, "तुला काय सवत आलीय का?"

घरातली पहिली गाडी मात्र मी निवडायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. माझ्या शब्दावर आबांनी हो म्हणावं, एवढंच मला हवं होतं. उल्हासनगरला जुन्या गाड्या विकणाऱ्या एका शेठकडे एक चंदेरी गाडी पसंत केली आणि घरी येऊन सांगितलं, "आबा, चांगली आहे. घेऊ या."

"बरी असंल," आबा म्हणाले. "म्याडम बघतील ना."

त्या रविवारी आबांनी लग्नाला घालायचा शर्ट घातला. शेठनं मॅडमना लांबूनच ओळखलं आणि हात जोडले.

"मॅडम, आप? पहले चाय तो पियो."

"चाय बाद में. गाडी आज धुलवाई क्या?"

"आपके लिए ही, मॅडम."

"मेरे लिए करना था तो मत धुलवाते."

मग माझ्याकडे वळून, "ग्रॅज्युएट, टॉर्च धर." मला त्या कायम ग्रॅज्युएटच म्हणायच्या. मी मोबाइलचा उजेड धरला. उजव्या चाकात नख सुळकन गेलं. डाव्या चाकात अडकलं.

"एकच डिस्क नवी? ही तर जोडीनं बदलतात, शेठ."

"कल्याण के डॉक्टर की गाडी है, मॅडम. एकदम सज्जन आदमी."

"सज्जन उजवीकडून कशावर आपटले?"

शेठ हसला. "रोड ऐसे हैं ना."

त्यांनी तिथंच नकार दिला असता तर मला रागावता तरी आलं असतं. पण त्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. मला चालवायला बसवलं, आबांना माझ्या शेजारी. "मोकळ्या रस्त्यावर ने. स्टिअरिंग हलकं धर आणि ब्रेक दाब. काय वाटतं ते मला नको सांगू, आबांना सांग."

मी ब्रेक दाबला. स्टिअरिंग हातात थरथरलं आणि गाडी एका बाजूला ओढली गेली. निवड माझी आणि तिच्याविरुद्ध बोलायचंही मीच.

"आबा, ही नको. ओढतेय."

आबांनी मान मागे वळवली. "काय म्याडम?"

"मला काय विचारता? गाडी पोराच्या हातात आहे."

"तसं नाय. पन तुमी काय म्हंता?"

मॅडमनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "तो म्हणतो तेच."

"मंग नको," आबा म्हणाले.

मला मोठेपणा मिळाला खरा, पण तोही मॅडमनीच दिलेला. तो राग मी घरी येईपर्यंत गिळत होतो.

पुढे त्यांच्याच पसंतीनं आम्ही दुसरी गाडी घेतली. ती आजही उत्तम चालते, हेही मला कधीकधी खुपतं. गुडघे दुखायला लागले तशी त्यांची मुलगी त्यांना इंदूरला घेऊन गेली. आबा बॅगा खाली पोचवून आले आणि त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठले. माझी बदली झाली तेव्हा मात्र पोटभर जेवले होते.

गेल्या महिन्यात बदलापूर गावातल्या माझ्या चुलतभावाला जुनी गाडी घ्यायची होती. आबा आपणहून म्हणाले, "चल, तू बघ." मी सावकाश बघितलं. डिस्कची कड अगदी बारीक होती, चरे नव्हते. चालवून आलो, ब्रेक सरळ लागत होता.

"घे," मी म्हटलं.

चुलतभाऊ घुटमळला. "काका, घेऊ ना?"

आबांनी इकडेतिकडे पाहिलं नाही, कोणाला फोन लावला नाही. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होतो, ते समोर घडत होतं.

"घे बिनधास्त," आबा म्हणाले. "म्याडमच्या हाताखालचा हाय तो."

इंदूरला जाऊनही बाईंनी जागा सोडली नव्हती. मला त्यांच्यावर चिडायचं होतं, आणि चिडायला त्या समोर हव्या होत्या.