बाळंतिणीचे लाडू

आमच्या देऊळघाटच्या जनकाबाईंची जीभ मोठी तिखट. आपली चार लेकरं घरीच, दाईच्या हातून झाली, हे त्या नाव सांगायच्या आधी सांगतात. सून वैष्णवीचे दिवस भरत आले तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेनं डबाभर डिंकाचे लाडू वळले. मग बुलढाण्याच्या दवाखान्यात तिचं सिझर झालं आणि तो डबा त्यांनी गल्लीत वाटून टाकला.

"पोट फाडून पोरगी काढली. जिनं कळाच सोसल्या नाहीत, तिले लाडू कायले?"

वैष्णवी परोपरीनं सांगत होती, "आई, दिवसभर कळा सोसल्या मी. बाळाचे ठोके कमी झाले म्हणून कापलं." पण जनकाबाई दवाखान्यात पोचल्या ऑपरेशननंतर. आपण पाहिलं नाही ते झालंच नाही, असा त्यांचा हिशेब. आम्हीही माना डोलावल्या. फुकटचा लाडू तोंडात असला की माणूस सासूच्याच बाजूनं बोलतं.

बारशाला दवाखान्यातल्या महामाया सिस्टर आल्या होत्या. भरल्या घरात जनकाबाईंनी त्यांनाच साक्षीला ओढलं. "सिस्टर, तुमीच सांगा. आयतं लेकरू भेटलं ना हिले?"

सिस्टरांनी पाळण्याची दोरी सोडली. "जनकाबाई, आमच्याकडं एका अभ्यासासाठी नाळेतलं रक्त तपासून राह्यले. कळा सुरू झाल्या की बाळाचंही अंग झुंजते, अन् त्याचे हार्मोन नाळेच्या रक्तात वाढतात. कळांच्या आधीच सिझर केलं तर ते बहुतेक कमी भरतात. तुमच्या नातीचे नॉर्मलवाल्या लेकरांइतकेच भरले. वैष्णवी खरं सांगून राह्यली. अन् कळा आल्या नसत्या, तरी पोट कापून घेणं का आयतं असते?"

जनकाबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. लाजेनं त्यांना कुठं पाहावं ते कळेना. त्या वैष्णवीजवळ जाऊन बसल्या. "चुकलं वं माय माहं. उद्याच दुसरे लाडू करतो."

"लाडू नको." वैष्णवीनं वर पाहिलं नाही. "ज्या ज्या घरी वाटले, त्या घरी जाऊन हे सांगा."

दुसऱ्या दिवशी जनकाबाई रिकाम्या हातांनी गल्लीत निघाल्या. दारोदारी थांबून एवढंच सांगत होत्या, "माह्या सुनेनं कळा सोसल्या. मी खोटं बोलली." पण गल्लीतल्या एकाही बाईची मान वर होईना. बाळंतिणीच्या तोंडचा घास आम्ही सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ला होता.