जुना पासवर्ड

कंपनीत त्यांना सगळे कुलूपकाका म्हणत. कोणाचं लॉगिन अडलं की सोडवायला हेच. लोक स्वतः पासवर्ड विसरत आणि येताना असा तोरा मिरवत, की जणू काकांनीच किल्ली पळवली आहे.

पगार विभागातल्या बाई तशा नव्हत्या. महिन्याच्या नियमाप्रमाणे त्यांनी पासवर्ड बदलला आणि तेव्हापासून त्यांचं लॉगिन रोज सकाळी बंद पडू लागलं. त्या ओशाळून फोन करत. शेवटी काकांनी सर्व्हरवरच्या नोंदी चाळल्या. कुठलातरी अनोळखी मोबाइल जुना पासवर्ड घेऊन बाईंच्या मेलवर धडका देत होता, म्हणून लॉगिन बंद पडत होतं. चोरच असणार! काकांनी त्या मोबाइलला सगळं पुसून टाकायचा हुकूम सोडला आणि मग बाईंना विचारायला गेले. आधी पुसायचं, मग विचारायचं, अशी काकांच्या विभागाची उफराटी रीत होती.

"तो ह्यांचा फोन, काका," बाई म्हणाल्या. "माझा बिघडला होता तेव्हा माझी मेल ह्यांनी त्यावर घेतली होती. हे गेले, पण फोन मी रोज सकाळी चालू करते. ह्यांचा आवाज आहे त्यात."

"तो आवाज दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलाय?"

"मला कुठे जमतं त्यातलं?"

गप्प बसता आलं असतं, पण काकांच्याने ते होईना. "बाई, तो पुसायला मी सांगून बसलोय," ते म्हणाले. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

काका धावतच जागेवर आले. हुकूम अजून सर्व्हरवरच पडून होता. आत शिरल्याशिवाय मोबाइलला तो मिळणार नव्हता, आणि जुन्या पासवर्डने त्याला कोणी आत घेत नव्हतं. काकांनी हुकूम रद्द केला आणि लगेच बाईंना तसं कळवलं.

दुसऱ्या दिवशी बाई फोन घेऊन आल्या. काकांनी त्यावरची मेल काढली आणि आवाजाचे निरोप जपून दुसरीकडे उतरवले. नीट उतरलेत का ते पाहायला बाईंनी एक लावला.

"मी खाली उभा आहे गं. घाई करू नकोस, सावकाश ये."

काकांनी मान खाली घातली.

"हा ऐकल्याशिवाय माझा पाय घराबाहेर पडत नाही," बाई म्हणाल्या.