शहादेवचे तीन ठिपके

कडा गावच्या एसटी स्टँडसमोर मोबाइल दुरुस्त करणारा शहादेव जुना फोन कधी नवा म्हणून खपवत नसे. नुसता तपासून पुसलेला असेल, तर पाठीवर बायकोच्या नेलपॉलिशचा एक ठिपका. आतला भाग बदलला असेल तर दोन. पाण्यात पडून सुकवलेला, म्हणजे भरवसा नसलेला, असेल तर तीन. "रिफर्बिश्ड म्हंजी दुरुस्त केल्याला, नवा न्हाई. ठिपके मोजा, मग घ्या," असं तो बजावायचा. तीच खूण तो झाकणाच्या आतही करायचा. हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

दुष्काळात गावच्या सहकारी सोसायटीनं चारा छावणी काढली. जनावराच्या कानातला बिल्ला रोज फोनवर स्कॅन व्हायचा. नोंद नाही तर चारा नाही. छावणीचालक धर्मराजनं शहादेवकडून तीन ठिपक्यांचा फोन उचलला.

"ह्यो उन्हात टिकायचा न्हाई," शहादेव म्हणाला. धर्मराजनं मान डोलावली, घरी जाऊन ठिपके खरवडले आणि सोसायटीला नवा फोन म्हणून दाखवला. असल्या माणसाला माल दिलाच कशाला, याचा मला अजून राग येतो.

आठवड्यात फोन मेला. चार दिवस चारा थांबला. जनावरं राखणाऱ्या सटवाची गाभण गाय उपाशी तडफडून गेली. धर्मराजनं बोट दाखवलं ते शहादेवकडे.

सटवा काठी घेऊनच दुकानात शिरला. मागं दहा-बाराजण होते. काचेचं कपाट फुटलं. सटवानं मेलेला फोन शहादेवच्या तोंडावर फेकला.

"कुजका माल नवा म्हणून का दिलास रं?"

"झाकण उघडून बघ, सटवा!"

ऐकतो कोण! पहिली काठी खांद्यावर बसली. "हात मोडा त्याचा!" धर्मराज ओरडला. दोघांनी शहादेवचा उजवा हात टेबलावर दाबला. सटवानं सगळा संताप त्या हातावर काढला. बोटांची हाडं मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

शहादेवनं रडत रडत डाव्या हाताच्या नखानं झाकण उचकटलं. आत तीन लाल ठिपके होते.

सटवा वळला. धर्मराज दारापर्यंतही पोचला नाही. त्याचे दात उंबऱ्यावर सांडले.

प्लॅस्टर निघालं, त्या दिवशी सटवा अंग चोरत दुकानात आला.

"लई चुकलं माझं. झाला का हात पहिल्यासारका?"

शहादेवनं वाकडी बोटं टेबलावर ठेवली. डाव्या हातानं नेलपॉलिश उघडली आणि त्याच्यादेखत उजव्या हाताच्या पाठीवर तीन ठिपके दिले.