आक्काच्या उपवासाची बाटली

सुनंदाने टेबलावर आमच्याच कंपनीची मँगो ड्रिंकची बाटली ठेवली आणि तिच्याशेजारी आयोडीनची छोटी बाटली. मी चहा पीत होतो. रविवार होता, म्हणून ती आमच्याकडे आली होती.

"मामा, हे बघा," ती म्हणाली. वाटीत थोडं ड्रिंक ओतलं, त्यात पाणी घातलं आणि वर आयोडीनचे चार थेंब टाकले. पिवळा रंग आधी हिरवट झाला, मग निळसर काळा.

सुनंदा माझ्या थोरल्या बहिणीची सून. वडगावला एका मराठी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. शुक्रवारी तिने आठवीच्या वर्गात स्टार्चची, म्हणजे पिठूळ पदार्थाची परीक्षा करून दाखवली होती. आयोडीन टाकल्यावर भाताची पेज काळी झाली, बटाट्याची फोड काळी झाली. ज्यात स्टार्च नाही असंही काहीतरी दाखवावं म्हणून तिने घरातली ही बाटली नेली होती. तीही काळी झाली. पोरं हसली. यात बहुतेक मक्याचा स्टार्च घातलेला असणार, असं तिने वर्गाला सांगितलं. माझे मामेसासरे त्याच कंपनीत आहेत, त्यांना विचारते, असंही म्हणाली.

"वर्गाचं जाऊ दे," ती मला म्हणाली. "पण आत्या नवरात्रात नऊ दिवस यावरच असतात."

सासूला ती आत्या म्हणते. आत्या म्हणजे आमची आक्का. तिच्या घरी दोन पॉवरलूम आहेत, साड्या विणतात. लग्न होऊन वडगावात आल्यापासून आक्का नवरात्राचे नऊ दिवस धान्याला शिवत नाही. पूर्वी दूध आणि फळांवर राहायची. दात गेल्यावर फळं चावेनात, तेव्हा तिने मला विचारलं होतं, "तुमची ती बाटली चालंल काय रं? फळच न्हवं ते?"

"व्हय की आक्का. आंबाच," मी म्हणालो होतो.

तिने ते गल्लीतल्या बायकांना सांगितलं. मग त्याही उपवासाला तीच बाटली घ्यायला लागल्या.

मी त्या कारखान्यात क्वालिटी इनचार्ज होतो. कारखाना निपाणीच्या पुढे, कोगनोळीच्या अलीकडे, हायवेला लागून होता. माझी सही झाल्याशिवाय एकही बॅच गेटबाहेर जात नसे.

लोक त्या बाटलीला ज्यूस म्हणतात. आम्ही आतले लोक ड्रिंक म्हणायचो. फरक मोठा आहे. ज्यूस म्हणजे फळाचा रस. ड्रिंकमध्ये शंभर भागांत दहा भाग फळ असलं तरी नियमाला पुरतं. बाकी पाणी आणि साखर. आंबटपणाला सायट्रिक अ‍ॅसिड, वासाला फ्लेवर, डोळ्यांना बरं वाटावं म्हणून रंग. चित्र हापूसचं असलं, तरी आत तोतापुरीचा पल्प, म्हणजे मोठ्या ड्रममधून येणारा गाळलेला गर. इथवर सगळं कायद्याला धरून होतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ते छापलेलंही असायचं.

पुढचं मात्र कुठेच छापलेलं नव्हतं. त्या वर्षी तोतापुरीचं पीक गेलं. ड्रम येईनात. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"दहाचं सहा करा."

"सर, पातळ होईल. बाटली हलवली की कळेल."

"मग घट्ट करा की. केमिस्ट म्हणून कशाला ठेवलंय तुम्हाला?"

"स्टार्च घालावा लागेल. लेबलवर तो नाही."

"लेबलचे रोल गोडाऊनभर पडलेत. ते संपू देत. मग नोडोण."

नोडोण म्हणजे कन्नडमध्ये 'बघू'. आमचे मालक नोडोण म्हणाले की विषय संपला, हे वॉचमनलाही ठाऊक होतं.

हे पकडलं कसं गेलं नाही, असं कोणी विचारेल. आमची मुख्य तपासणी ब्रिक्सची. ब्रिक्स म्हणजे ढोबळमानाने द्रवात साखर किती विरघळली आहे, त्याचं माप. हातात मावणारं एक यंत्र असतं. काचेवर थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. यंत्राला गोडी कळते. ती आंब्यातली की पोत्यातल्या साखरेतली, हे त्याला कळत नाही. पल्प कमी झाला, तेवढी साखर आणि अ‍ॅसिड वाढवलं. आकडे जागेवर आले. बॅच शीटवर फळाच्या रकान्यात मी दहा लिहिलं. पहिल्या दिवशी हात अडला. आठवड्याभरानंतर अडला नाही.

आणि आता सुनंदा वाटी पुढे करून बसली होती.

मी तिला तिथेच सांगू शकलो असतो. पण निवृत्तीला दोन वर्षं होती. लेबलवर नसलेला पदार्थ सापडला तर कारवाई होते, आणि शीटवर सही माझी.

"अगं, कच्च्या आंब्यात स्टार्च असतोच," मी म्हणालो. "पल्पमध्ये थोडे कच्चे आंबे जातात. त्याचा रंग आहे हा."

कच्च्या आंब्यात स्टार्च असतो हे खरं आहे. म्हणून तर ते तिला पटलं.

"असं होय," ती म्हणाली. "मीच घाई केली." वाटी तिने स्वतः विसळून ठेवली.

सोमवारी तिने वर्गात आपली चूक झाल्याचं सांगितलं. संध्याकाळी आक्काचा फोन आला. "पोरगी शिकलेली हाय, पर लई शंका. म्हटलं, माझा भाऊ मला खोटं सांगंल व्हय?"

त्यानंतर आक्काची चार नवरात्रं त्याच बाटलीवर झाली. दोन मी नोकरीत असताना, दोन निवृत्तीनंतर. जुने रोल संपले, नवीन छापून आले. त्यांवरही स्टार्च नव्हता. मी एकदा विचारलं. नोडोण. निवृत्तीनंतर मला कुणाची भीती उरली नव्हती, तरी मी गप्प राहिलो. का, ते मला अजून सांगता येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात कारखाना बंद पडला. त्यामुळे मला धीर आला असं कोणी म्हटलं, तर मी नाही म्हणणार नाही.

घटस्थापनेच्या आधी चार दिवस मी वडगावला गेलो. आक्का लूमसाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. मी सांगायला लागलो, तसं तिने मुलाला हाक मारून लूम बंद करायला लावला. मग मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

"मका?" तिने विचारलं.

"मक्याचा स्टार्च. बाटलीला चमचाभर." मी म्हणालो, "साबुदाणाही स्टार्चच असतो, आक्का." इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो होतो.

"साबुदाणा साबुदाणा म्हणून घशाखाली उतरतोय, रं. ह्यो काय म्हणून उतरला?"

तिने कांड्यांची टोपली बाजूला सरकवली.

"माझं मी देवीसंगं बघंन," ती म्हणाली. "पर गल्लीतल्या बायका माझ्या तोंडाकडं बघून प्याल्यात. त्यास्नी मी न्हाय सांगणार. तू सांग. चल."

देवळाच्या कट्ट्यावर सात-आठ बायका वाती वळत होत्या. मी उभा राहून सांगितलं. चार लोकांत बोलण्याची मला सवय नाही.

"मग आंबा किती हुता, अण्णा?" एकीने विचारलं.

"शंभरात सहा."

"आणि वास?"

"वास वेगळ्या डब्यातून यायचा."

एक म्हातारी म्हणाली, "तरीच नवव्या दिवशीबी माझ्या अंगात ताकद असायची. मक्याची भाकरीच पोटात जात हुती की." बायका हसल्या. आक्का हसली नाही. परत येताना ती माझ्यापुढे चालत होती.

त्या नवरात्रात ती दूध आणि कुस्करलेल्या केळ्यावर राहिली. सातव्या दिवशी चक्कर येऊन पडली. डॉक्टर आले, तरी उपवास सोडला नाही. मी गेलो, तर म्हणाली, "बस." एवढंच.

सुनंदाने मला एकच विचारलं. "म्हणजे माझी टेस्ट बरोबर होती?"

"होती."

"ती बॅच दहावी होऊन गेली, मामा. आता कुणाला गाठू?"

यातून शिकण्यासारखं फारसं नाही. बाटलीच्या मागे घटकांची यादी असते, आणि जे जास्त ते आधी लिहायचं असा नियम आहे. पाणी, साखर आणि मग फळ असा क्रम असेल, तर ते फळ घातलेलं साखरेचं पाणी. पण ती यादी खरी असल्याची सही करणारा माझ्यासारखाच कोणी पगारी माणूस असतो, हेही लक्षात ठेवावं.

आणखी एक. चांगल्या पिकलेल्या आंब्याचा रस आयोडीनने असा काळा पडत नाही. वडगावच्या त्या आठवीच्या वर्गातलं कोणी हे वाचत असेल, तर दुरुस्ती करून घ्यावी. बाईंनी शुक्रवारी सांगितलं ते बरोबर होतं. सोमवारी सांगितलं ते माझं होतं.