पालथा घातलेला ट्रेसिंग

शाळा बांधायला निघालेल्या माणसांइतकी शाळेबद्दल बेफिकीर माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत. नव्वदच्या सुमाराला मी नाशिकमध्ये आर्किटेक्ट म्हणून ऑफिस थाटलं आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं मुख्यतः शाळांच्याच इमारती काढल्या. एवढ्या काळात वर्गात उजेड कुठून येणार, असं विचारणारा एकही संस्थाचालक माझ्या टेबलासमोर बसला नाही. त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा. "मॅडम, इलेव्हेशन कसं दिसेल?" इलेव्हेशन म्हणजे इमारतीचा रस्त्यावरून दिसणारा चेहरा. त्याला जाडजूड खांब हवेत, वर त्रिकोण हवा, मधोमध काच हवी. आत पोरं भाजून निघाली तरी बेहत्तर.

हे सगळे अध्यक्ष. कुणी द्राक्षबागाईतदार, कुणी रस्त्यांचा ठेकेदार. शाळेची पाटी लागली की वर्षभरात गडी शिक्षणमहर्षी. शिक्षणावर तासभर भाषण ठोकायचे आणि फळा किती उंचीवर लावायचा हे विचारलं की माझ्याकडेच बघायचे. मी त्यांच्याशी गोड बोलायचे आणि ते जिना उतरले की नकाशे रेखणाऱ्या माझ्या ड्राफ्ट्समनपुढे त्यांची नक्कल करायचे. नक्कल मला झकास जमायची. या माणसांत आणि आपल्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

यांतल्याच एका अध्यक्षांनी हरसूलच्या पुढे मुलींची आश्रमशाळा काढली होती. पाड्यांवरच्या मुली तिथे राहून शिकायच्या. दिवसा ज्या खोलीत वर्ग, रात्री त्याच खोलीत अंथरुणं. तोवर हे सगळं कुडाच्या शेडमध्ये चालायचं, आता पक्की इमारत व्हायची होती. जागा बघायला मी एकटीच गेले. अध्यक्षांना पांढऱ्या बुटांना माती लागलेली खपत नसे.

तिथे मुलींचा स्वयंपाक करणारी बाई मला माळावर घेऊन गेली. तिची धाकटी मुलगी याच शाळेत तिसरीला होती. बाईने पश्चिमेच्या डोंगराकडे हात केला. "पानी तकडून येतंय, आडवं. म्हून आमच्या घरांना त्या अंगाला दार नसतं. पोरी भुईवर झोपतात, बाई. तेवढं कोरडं ऱ्हाईल असं करा."

मी तसंच केलं. लांबट इमारत काढली, पश्चिमेला सलग जाड भिंत, दारं-खिडक्या सगळ्या पूर्वेला. पुढे चार फुटांचा वऱ्हांडा, कारण त्या बाजूला त्याहून जास्त लागणार नव्हता. खिडक्यांवर माझा विशेष जीव होता. त्या मी जमिनीपासून जेमतेम फूटभर वर ठेवल्या, म्हणजे खाली मांडी घालून बसलेल्या मुलीलाही बाहेरचं रान दिसावं. मुलींना अंधारात बाहेर जावं लागू नये म्हणून शौचालयं उत्तरेच्या टोकाला, पूर्वेच्या अंगाने, खोल्यांना लागून. अध्यक्षांसाठी दक्षिणेला, रस्त्याच्या बाजूला, चार खांब आणि एक त्रिकोण. इतकं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं.

अध्यक्ष नकाशा बघायला आले ते वास्तूवाल्याला घेऊन. हे गृहस्थ आदल्या वर्षापर्यंत मोटारींचे सुटे भाग विकत होते. त्यांनी नकाशावर खिशातलं होकायंत्र ठेवलं. कागदावर होकायंत्र! मग डोळे मिटून म्हणाले, "ईशान्येला शौचालय? संस्था बुडेल."

अध्यक्षांचा चेहरा पडला. मुली भिजतील म्हणून कधी पडला नव्हता तो. मला हसू आवरेना आणि डोकंही फिरलं. खरं तर शौचालयं तेवढी हलवायची होती. बसून विचार केला असता तर दोन दिवसांत जागा सापडली असती. पण या दोन मूर्खांसाठी दोन दिवस कोण घालवणार? त्या काळी नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईने काढत. कागद आरपार दिसणारा. पालथा केला की उजवीकडचं सगळं डावीकडे जातं. मी त्यांच्या डोळ्यांदेखत कागद पालथा घातला. शौचालयं ईशान्येतून उठली आणि वायव्येला जाऊन बसली. "उत्तम!" वास्तूवाला म्हणाला. अध्यक्षांनी रुमालाने कपाळ पुसलं. ते गेल्यावर मी त्या दोघांची अशी नक्कल केली की ड्राफ्ट्समनला ठसका लागला. मग त्याने उलटी झालेली अक्षरं तेवढी सरळ करून घेतली आणि कागद प्रिंट काढायला पाठवला.

दारं, खिडक्या आणि तो चार फुटांचा वऱ्हांडाही पश्चिमेला गेला, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. बांधकाम चालू असताना मी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा खांबांचं प्लास्टर बघितलं, कारण अध्यक्षांना त्याचीच घाई होती. उद्घाटन मार्चमध्ये, कडक उन्हात झालं. कुणीतरी मंत्री इलेव्हेशनचं कौतुक करून गेले.

ऑगस्टमध्ये मुख्याध्यापकांचा फोन आला, एकदा येऊन जा. मी गेले. खिडक्यांना बाहेरून खताच्या गोण्या ठोकलेल्या होत्या आणि त्या फुगून फडफडत होत्या. आत भर दुपारी अंधार. माझ्या लाडक्या बुटक्या खिडक्यांतून पाणी थेट जमिनीवर येत होतं. वह्या, पेट्या, ओल्या गोधड्या घेऊन सगळ्या मुली मागच्या भिंतीला खेटून बसल्या होत्या. स्वयंपाकाची बाई फडक्याने पाणी ओढत होती. भिंतीशी बसून खोकणारी मुलगी तिचीच.

तिने मला ओळखलं. तिने काही विचारायच्या आत मीच घाईने म्हणाले, "अध्यक्षांनी वास्तूवाला आणला होता. त्याने फिरवायला लावलं."

बाईने फडकं पिळलं. "त्याला कुठं ठावं होतं? तो तर हितं कधी आलाच नाय. तुमाला मी दावलं होतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. 

आठवड्याभरात मी दुसरं ड्रॉइंग पाठवलं. पश्चिमेच्या सगळ्या खिडक्या छातीच्या उंचीपर्यंत विटांनी बुजवायच्या, वरच्या फटीला पत्र्याच्या झापा. अध्यक्षांनी न बघताच सही केली, कारण इलेव्हेशनला धक्का लागत नव्हता. खोल्या कोरड्या झाल्या. पुढे त्या मुली भर दिवसा ट्यूबलाइट लावून शिकल्या. वीज असेल तेव्हा.