मायच्या अर्जातला शेवटचा प्रश्न

फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते. माय होती त्या धुळ्याच्या शुश्रूषा केंद्रातून सिस्टर बोलत होत्या. "ताई, सकाळी चहा घेतला त्यांनी. मग डोळा लागला वाटलं, म्हणून उठवलं नाही..." पुढचं ऐकू आलं, पण कळलं नाही. फोन ठेवून मी आणखी दोन ताटल्या वाढल्या आणि मग खाली बसले. त्याला आता दीड महिना झाला.

माझी माय शिरपूरची. मी चौथीत असताना वडील गेले. तेव्हापासून जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचून तिने मला, तिच्या एकुलत्या एक मुलीला, बारावीपर्यंत शिकवलं. मशीनच्या घरघरीत बोलून बोलून तिचा आवाज इतका मोठा झाला होता, की कानात सांगायची गोष्टही गल्लीला ऐकू जायची. म्हणून लकवा झाला आणि तो आवाज पुटपुटण्याएवढा उरला, तेव्हा मला उजव्या हातापायापेक्षा आवाजाचंच जास्त वाईट वाटलं. मी तिला जळगावला घरी आणलं. दोन खोल्या, नवरा डाळमिलमध्ये पाळीवर, मी अंगणवाडीत. दोन वर्षं आम्ही दोघांनी तिला उचललं, धुतलं, भरवलं. पण आम्ही कामावर असताना ती एकाच कुशीवर पडून राहायची. पाठीला जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. डॉक्टर म्हणाले, "दर दोन तासांनी कूस बदलायला माणूस लागेल. रात्रंदिवस." असा माणूस ठेवणं आम्हाला झेपणारं नव्हतं.

धुळ्याच्या त्या केंद्रात निराधार म्हाताऱ्यांसाठी काही मोफत खाटा होत्या. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला हवा, नावावर घर-जमीन नाही याचा दाखला हवा. सुट्ट्या काढून मी तलाठ्याकडून तहसीलला आणि तहसीलहून परत तलाठ्याकडे फिरत राहिले. कागदांवर मायचा अंगठा घ्यायचा होता. प्रौढांच्या वर्गात जाऊन ती उतारवयात सही शिकली होती, तिचा तिला फार अभिमान. डाव्या अंगठ्याला शाई लावली तेव्हा ती त्या अंगठ्याकडे बघतच राहिली... मी पटकन पुसून टाकला.

अर्जात शेवटचा प्रश्न होता : 'सांभाळणारे जवळचे कोणी आहे काय?' मी 'नाही' लिहिलं. तिच्याच खाटेवर, तिच्या पायाशी बसून लिहिलं. मग तिला पढवलं, "माय, चौकशीला बाई येतील. कोणी आहे का विचारलं, तर मान हलवायची. नाही म्हणायचं."

चौकशीच्या बाई आल्या. मी शेजारीण म्हणून चहा घेऊन उभी. त्यांनी वाकून विचारलं, "आजी, तुम्हाला कोणी नाही का?" मायने आधी माझ्याकडे पाहिलं. मग डावा हात उचलून माझा पदर धरला आणि एकेक शब्द ओढत बोलली, "ही मनी आंडेर शे. माले कोनी नही, अशी कशी सांगू?"

आंडेर म्हणजे मुलगी. "मॅडम, चूक माझी आहे. मीच तिला पढवलं होतं," म्हणत मी रडायला लागले. बाई धुळ्याच्याच, अहिराणी त्यांच्या घरचीच. त्यांनी कप माझ्या हातातून घेऊन खाली ठेवला. म्हणाल्या, "अहो, खोटं कशाला लिहिलंत? मुलगा आहे का, एवढंच बघतात. लग्न झालेली मुलगी कुटुंबात धरत नाहीत." त्यांनी माझं 'नाही' खोडून तिथे 'एक विवाहित मुलगी' लिहिलं. मायला खाट मिळाली. माझी गणती नाही म्हणून मिळाली. बाई गेल्यावर माय म्हणाली, "धरतस नही म्हने... मंग दोन वरीस माले कोनी धरं?" आणि तोंडाच्या एकाच बाजूने हसली. मला मात्र हसू आलं नाही.

तिला धुळ्याला सोडून आल्यावर गल्लीतल्या बायका माझ्याशी जपून बोलायला लागल्या. आईला टाकून आली, हे त्यांच्या तोंडावर दिसायचं. मलाही तसंच वाटायचं. पण तीन महिन्यांत पाठीची जखम भरली. माय उशीला टेकून बसायला लागली. पुढे दीड वर्ष मी रविवारची सकाळची एसटी कधी चुकवली नाही.

परवा तिचे कपडे आणायला गेले. तिच्या खाटेवर आता दुसऱ्या आजी आहेत. खाटेच्या डाव्या बाजूला एक प्लास्टिकची खुर्ची होती. सिस्टर म्हणाल्या, "दर रविवारी उजाडलं की त्या ही खुर्ची चांगल्या हाताच्या बाजूला ठेवायला लावायच्या. तुम्ही येईपर्यंत कुणालाही बसू द्यायच्या नाहीत. डॉक्टरांनासुद्धा नाही." मी तर नेहमी यायचे आणि खुर्ची तिथे असायचीच. ती रोज तिथेच असते, असं मला वाटायचं...

कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन मी थोडा वेळ त्या खुर्चीवर बसले.