माईक बिघडवणारा

समजा, तुम्हाला माईक बिघडवायचा आहे. एकदम बंद करून चालणार नाही. शेंबड्या पोरालाही कळेल. आधी आवाजाची पट्टी केसभर खाली ओढायची. बोलणारा घसा खाकरून जोर लावतो. मग ती झटकन वर ढकलायची, की कर्कश शिट्टी वाजते आणि लोक कानांवर हात ठेवतात. सगळ्यांनाच नकोसं झालं, की हळूच आवाज काढून घ्यायचा. बोलणारा माईकवर टिचक्या मारत राहतो, मागून कोणीतरी म्हणतं, "बिघडला वाटतं," आणि तो बिचारा ओशाळून खाली बसतो. जमेल?

विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहातल्या माईकवाल्याला हे डोळे मिटून जमायचं. सभागृहाच्या मागच्या टोकाला, उंचावर, त्याची काचेची बंद खोली होती. बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून त्यानेच भांडून दाराच्या फटी बुजवून घेतल्या होत्या. कानांवर हेडफोन चढवून तो तिथे बसायचा आणि माडीवरून सासूने अंगणातल्या सुनांकडे पाहावं, तसा खालच्या विद्वानांकडे पाहायचा.

खूण ठरलेली होती. नको तो माणूस नको ते विचारू लागला, की पहिल्या रांगेतले कुलसचिव उभे राहत, चष्मा काढत आणि रुमालाने पुसत. त्या रुमालाने कितीतरी विद्यार्थी, दोन-चार तरुण प्राध्यापक आणि निवृत्तीच्या दिवशी खरं बोलू पाहणारा एक ग्रंथपाल पुसला गेला.

माईकवाल्याला याची कधी लाज वाटली नाही. बोलणाऱ्या जमातीबद्दल त्याला मुळी आदरच नव्हता. एक जण गरम चहावर फुंकर मारावी तसा माईकवर फुंकायचा. दुसरा माईक बेंबीजवळ धरून "आवाज वाढवा!" म्हणून खेकसायचा. तिसरा 'दोन शब्द' बोलायला उठायचा आणि खुर्च्या कुरकुरू लागल्या तरी बसायचा नाही. "यांची तोंडं बंद करणं म्हणजे समाजसेवाच," असं तो घरी बायकोला सांगायचा आणि कुलसचिवांच्या चष्म्याची नक्कल करून तिला हसवायचा. कर्मचारी पाठीमागे त्याला 'गळादाब्या' म्हणत. पठ्ठ्याला ते पदक वाटायचं.

त्याची बायको वसतिगृहाच्या मेसमध्ये स्वयंपाकाला होती. एक दिवस बातमी आली, की मेस ठेकेदाराला देणार आणि स्वयंपाकघरातल्या बायकांना घरी बसवणार. पाठोपाठ कुलगुरूंनी खुली सभा बोलावली. कर्मचाऱ्यांनी मन मोकळं करावं म्हणे. मेसमधल्या बायकांनी हिलाच पुढे केलं. "तुझा नवरा वर बसतो, बाई. निदान तुझा आवाज तरी पोचेल."

सभेच्या सकाळी तिने विचारलं, "अहो, चष्मा पुसला तर?"

"पुसू दे. काच झिजेपर्यंत पुसू दे."

"शप्पथ?"

"तुझी शप्पथ."

"माझी नको. नोकरीची घ्या, ती तुम्हाला जास्त प्यारी आहे."

त्याने नोकरीची घेतली. मग लाटणं तिच्या हातात देऊन माईक कुठे धरायचा, श्वास कुठे घ्यायचा, हे तो सभेला निघेपर्यंत शिकवत बसला.

सभेत कुलगुरूंनी 'आपण सगळे एक कुटुंब' हे नेहमीचं दळण दळलं. मग हातातला बिनवायरीचा माईक फिरत फिरत तिच्याकडे आला.

"मी मेसच्या स्वयंपाकघरात काम करते," ती म्हणाली. मग शिकवल्याप्रमाणे तिने श्वास घेतला. "कुटुंब म्हणता, मग घरातल्या बायकांना हाकलायचं ठरवताना त्यांना एका शब्दाने विचारलंत?"

कुलसचिव उभे राहिले. त्यांनी चष्मा पुसला. माईकवाल्याने दोन्ही हात काखेत घातले. कुलसचिवांनी काच पुसली, दांड्या पुसल्या, शेवटी नाक पुसलं. वर काचेमागे तो खुदकन हसला.

"आणि आता सगळ्यांसमोर एक सांगते," ती म्हणाली. "माझा नवरा—"

कानांत एकदम शांतता.

त्याने पट्टी वरपर्यंत ढकलली. काही नाही. माईकचे सेल संपले होते. प्रत्येक कार्यक्रमाआधी तो सेल बदलायचा. आज बायकोला शिकवण्याच्या नादात राहून गेले. जन्मभर चांगले माईक बिघडवले, आणि बिघडायला नको होता तेव्हा माईक खरोखर बिघडला.

तिने माईककडे पाहिलं, मग वर काचेकडे. बरीच डोकी वळली. तो दोन्ही हात हलवून "मी नाही! मी नाही!" ओरडत होता, खालून ते कोंबड्या हुसकावल्यासारखं दिसत असणार. तिने माईक खुर्चीवर ठेवला आणि बोलत राहिली. त्याला फक्त हलणारे ओठ दिसत होते. सभागृह हसलं, मग टाळ्यांसाठी हात उठले. तो धडपडत जिना उतरून आला, तोवर ती निघून गेली होती.

कुलसचिवांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! मला वाटलं, बायको म्हणून कच खाशील."

मेस ठेकेदाराकडे गेलीच. टाळ्यांनी कोणाच्या नोकऱ्या वाचल्यात? बायको आता दुसरीकडे स्वयंपाकाला जाते. त्याने तिच्यापुढे संपलेले सेल ठेवले, शपथा घेतल्या.

"असतील संपले," ती म्हणाली आणि भांडी घासू लागली.

"पण पुढे काय बोललीस?"

"ऐकायचं त्यांनी ऐकलं."

सभेत पहिल्या रांगेत बसलेल्या एका कारकुनाला त्याने चहा पाजून विचारलं. तो फिसकन हसला. "लेका, सगळ्या विद्यापीठाला माहीत आहे, आणि तुलाच नाही?" चहा संपवून तो चालता झाला.

आता रोज काचेआड बसून खालच्या हलणाऱ्या ओठांकडे बघताना त्याला एकच गोष्ट कुरतडते: 'माझा नवरा' म्हटल्यावर ती पुढे काय बोलली?